पेसमेकर बसविल्यानंतरचें दुखणें

हृदयासाठीं यंत्र बसविलें म्हणजे हृदयच दुखत असलें पाहिजे, असा पुष्कळांचा समज असतो. तो खरा नाहीं. मंदावलेल्या हृदयास विजेच्या सूक्ष्म धक्क्यांनीं चालविणारें पेसमेकर हें यंत्र बहुधा गळ्याखालच्या आडव्या हाडाच्या खालीं, त्वचेच्या आड केलेल्या लहानशा कप्प्यांत ठेवितात. हृदयापर्यंत जाते ती त्याची तार, आणि तीही शिरेच्या मार्गानें. त्वचेंत ज्ञानतंतूंचें जाळें दाट असतें; म्हणून दुखतो तो मुख्यत्वें हा कप्पा.

८ ऑक्टोबर १९५८ रोजीं स्वीडनमधील कारोलिन्स्का रुग्णालयांत सेनिंग या शस्त्रवैद्यांनीं आर्ने लार्सन यांच्या शरीरांत असें पहिलें यंत्र बसविलें, तेव्हां छाती उघडावी लागली होती. आणि तें यंत्र कांहीं तासांतच बंद पडलें! आज तेवढीच जागा बधिर करून लहानशा छेदानें काम भागतें.

तरीही सर्वांस सारखें दुखत नाहीं. कप्पा स्नायूच्या खालीं करावा लागला, यंत्र आकारानें मोठें असलें, किंवा आंत रक्त साकळलें, तर त्रास अधिक होतो. मनांत भीति असली किंवा पूर्वीपासून कांहीं दुखणें जडलेलें असलें, तरीही तो वाढतो.

पण आमच्या मतें विशेष लक्ष देण्याजोगें कारण घरांतच घडतें. नवी तार सरकूं नये म्हणून कांहीं आठवडे हात खांद्याच्या वर नेऊं नये, असें डॉक्टर सांगतात. घरची मंडळी त्याचा अर्थ हात मुळींच हलवूं नये असा करितात, आणि आजोबांस घांस भरवूं लागतात (प्रेमानेंच, यांत संशय नाहीं). मग खांदा आंखडतो, आणि जखम भरून आली तरी दुखणें राहतें. वास्तविक कोपर वाकविणें, आपल्या हातानें जेवणें, यांस सहसा प्रत्यवाय नसतो.

वेदनाशामक गोळीही डॉक्टरांस विचारूनच घ्यावी. रक्त पातळ करणारें औषध चालू असतां कित्येक गोळ्यांनीं रक्तस्राव वाढतो.

दुखणें दिवसेंदिवस उतरत जावें. उतरलेलें दुखणें पुन्हां चढूं लागलें, कप्पा लाल, ऊन वा सुजलेला दिसला, किंवा ताप आला, तर त्याच दिवशीं डॉक्टरांस दाखविलें पाहिजे. "फारसें नाहीं हो," म्हणून वेळ मारून नेणारे वडीलधारे आपल्यांत थोडे नाहींत. एरव्हीं सोशिकपणा हा गुण खरा. पण येथें जंतु तारेवरून थेट हृदयापर्यंत पोचूं शकतात, आणि मग यंत्र व तार दोन्ही काढून टाकावीं लागतात.