पाणथळ जागा आणि पाहुणे पक्षी

कार्तिकाच्या सुमारास गोव्यातील तळ्यांवर उत्तरेकडील बदकांचे थवे उतरू लागतात. त्यांत तलवार बदक असते, भुवई बदक असते. मध्य आशिया व सैबेरिया येथील जलाशय गोठले, की भक्ष्य दुर्लभ होते. म्हणून हे पक्षी हजारो मैलांचा प्रवास करतात. वाटेतील प्रत्येक पाणथळ जागा ही त्यांची धर्मशाळाच होय. एक मोडली, की पुढची मजल अवघड होते.

परंतु पाणथळ म्हणजे पडीक जमीन, असा समज आपल्यात रूढ आहे. वस्तुतः ती पावसाचे पाणी साठविते, पुराचा जोर ओसरविते आणि आसपासच्या विहिरींना ओल पुरविते. तेथे भराव पडला, तर हानी केवळ पक्ष्यांची होत नाही.

कुडचडे येथील नंदा तळे पाहा. विस्तार सुमारे ४२ हेक्टर. त्यात साठविलेल्या पाण्यावर खालच्या अंगाची भातशेती पिकते, आणि त्याच पाण्यावर अडई, कमळपक्षी व टिटवी यांचा निर्वाह चालतो. इराणातील रामसर येथे १९७१ साली झालेल्या करारान्वये या तळ्यास २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून मान्यता मिळाली. गोव्यातील हा पहिलाच मान होय.

विद्यार्थिमित्रहो, आपल्या गावच्या तळ्यात कचरा पडू देऊ नका. थव्यावर दगड भिरकावू नका. कोणता पक्षी कोणत्या दिवशी आला, हे वहीत टिपून ठेवा. उद्या कोणी ‘हे डबके बुजवू या’ म्हणाला, तर ती वही तळ्याच्या बाजूने साक्ष देईल.