साळिंदराचे काटे

आफ्रिका खंडाच्या पश्चिम किनाऱ्यावर घाना नावाचा देश आहे. समुद्रापासून उत्तरेस, दाट वनांच्या प्रदेशात, कुमासी हे मोठे नगर वसले आहे. असांते लोकांची ही पूर्वापार राजधानी. सोने आणि कोको यांमुळे हा मुलूख फार काळापासून प्रसिद्ध आहे. असांतेंच्या राजास ‘असांतेहेने’ म्हणतात आणि त्यांच्या राज्याचे चिन्ह आहे साळिंदर.

सिंह किंवा गरुड मिरवणारी राज्ये पुष्कळ आहेत. परंतु रात्री बिळाबाहेर पडून कंदमुळे उकरून खाणाऱ्या या प्राण्याला असा मान क्वचितच मिळाला असेल. सह्याद्रीच्या रानाजवळ राहणाऱ्यांना साळिंदराचा स्वभाव ठाऊक असतो. ते आपण होऊन कोणावर चालून जात नाही. मात्र डिवचले गेले, की काटे फुलवून पाठमोरे उभे राहते आणि बिबट्यालाही विचार करावयास लावते. साळिंदर आपले काटे बाणांसारखे फेकते अशी समजूत आहे, ती खरी नव्हे. काटे सैल असतात. ते शत्रूच्या अंगात रुतून राहतात, इतकेच. गळलेल्या काट्यांच्या जागी पुढे नवे काटे उगवतात. असांते लोकांची एक जुनी म्हण याच गोष्टीवरून पडली आहे : ‘हजार मारा, हजार येतील.’

असांतेंच्या भाषेत साळिंदरास ‘कोतोको’ म्हणतात. कुमासीच्या फुटबॉल संघाचे नावही ‘असांते कोतोको’ असेच आहे.

या संघाचा आरंभ अगदी साधा होता. क्वासी कुमा नावाचा एक तरुण एका इंग्रज अधिकाऱ्याची मोटार चालवीत असे. मालकाबरोबर तो अक्रा शहरी गेला असता तेथे त्याने फुटबॉलचा खेळ पाहिला. हा खेळ आपल्या गावीही व्हावा, असे त्याच्या मनाने घेतले आणि १९२६ साली वीजकाम करणारा एक मित्र व इतर सोबती यांना घेऊन त्याने ‘रेनबो’ नावाचा संघ उभा केला. पैशांची ओढ पाठीस लागलेलीच होती. १९३१ साली संघाने ‘टायटॅनिक्स’ हे नाव घेतले. त्या नावाचे जहाज पहिल्याच सफरीत बुडाले होते. असे नाव कोणास शुभ वाटावे, याचे नवल वाटते! दिवस काही पालटले नाहीत. मग एका शिक्षकाने १९३४ साली तिसरे नाव सुचविले. तेही फार टिकले नाही. अखेर १९३५ साली ‘कोतोको’ हे नाव मुक्रर झाले. इंग्रजांनी मोडून टाकलेले असांतेंचे राज्यमंडळ त्याच वर्षी पुन्हा उभे राहिले होते. राजचिन्हाचे नाव घ्यावयाचे तर राजाची अनुमती हवी. असांतेहेने दुसरे प्रेंपे यांनी ती आनंदाने दिली आणि संघाचे आश्रयदातेपदही पत्करले. तेव्हापासून खेळाडूंच्या तांबड्या सदऱ्यावर साळिंदर विराजमान झाले.

या सदऱ्यात खेळलेल्या सर्वांत लाडक्या खेळाडूंपैकी एक म्हणजे बाबा यारा. तो कुमासीचाच. फुटबॉलकडे वळण्यापूर्वी तो शर्यतीच्या घोड्यांवर जॉकी म्हणून बसत असे. १९५५ साली तो कोतोकोत आला आणि मैदानाच्या बगलेवरून खेळू लागला. चेंडू पायाशी घेऊन तो कडेने निघाला, की त्याला गाठणे प्रतिस्पर्ध्यांना कठीण जाई. लोक त्याला बगलेवरचा राजा म्हणत. १९५७ साली घाना स्वतंत्र झाला आणि नव्या देशाच्या संघातही यारा चमकू लागला.

१९६१ साली सरकारच्या पुढाकाराने ‘रिअल रिपब्लिकन्स’ नावाचा एक नवा संघ निघाला. त्यासाठी निरनिराळ्या संघांतील निवडक खेळाडू उचलण्यात आले. आपले मोहरे असे नेले जावेत, हे जुन्या संघांना रुचले नाही आणि त्यांची तक्रार वाजवी होती. यारा त्या नव्या संघात खेळू लागला. मार्च १९६३ मध्ये पूर्वेकडील व्होल्टा प्रांतात सामना खेळून हा संघ परत येत असता त्याची बस उलटली. याराच्या पाठीच्या कण्यास जबर इजा झाली आणि ज्या पायांनी त्याचे नाव केले ते पाय कायमचे लुळे पडले.

त्याला इंग्लंडमध्ये स्टोक मॅंडेव्हिल येथील रुग्णालयात नेण्यात आले. कण्याच्या दुखापतींवरील उपचारांसाठी ते रुग्णालय विख्यात होते. चाकांच्या खुर्चीवर बसून खेळावयाचे सामने १९४८ साली तेथेच सुरू झाले होते. परंतु याराचे पाय परत मिळाले नाहीत. चाकांच्या खुर्चीवरून तो मायदेशी आला. त्याच वर्षीच्या डिसेंबर महिन्यात घानाने आफ्रिकेचा राष्ट्रीय करंडक प्रथमच जिंकला. अंतिम सामन्यात सुदानवर तीन गोल झाले. त्यांपैकी दोन विल्बरफोर्स म्फुम या कोतोकोच्याच खेळाडूने केले होते. यारा त्या मैदानावर असता तर, हा विचार कितीकांच्या मनात आला असेल! १९६९ साली त्याचा अंत झाला. कुमासीचे क्रीडांगण पुढे त्याच्या नावाने ओळखले जाऊ लागले. सुमारे ४०,००० प्रेक्षक बसू शकतील असे ते विशाल मैदान आहे.

याराच्या मागून ओसेई कोफी पुढे आला. चेंडू खेळवीत एकामागून एक गडी चुकविण्याची त्याची कला पाहून लोक त्याला जादूगार म्हणू लागले. १९६५ साली ट्युनिस येथे राष्ट्रीय करंडकाच्या अंतिम सामन्यात घाना पिछाडीवर असता बरोबरीचा गोल त्यानेच केला आणि मग जादा वेळात सामना जिंकला गेला. हाच जादूगार पुढे ख्रिस्ती धर्मोपदेशक झाला.

१९६७ साली कोतोकोने आफ्रिकेतील विजेत्या संघांच्या स्पर्धेची अंतिम फेरी गाठली. प्रतिस्पर्धी होता काँगोमधील एंगलबेर. पहिला सामना १-१, दुसरा २-२, निकाल लागेना. तिसरा सामना कामेरून देशात खेळविण्याचे ठरले. परंतु ही वर्दी देशाच्या फुटबॉल मंडळाकडून कोतोकोला पोहोचलीच नाही. ठरल्या दिवशी मैदानावर एकच संघ हजर होता आणि करंडक त्यालाच देण्यात आला. खेळून हरण्याचे दुःख निराळे आणि न खेळता हरण्याचे निराळे.

१९७० च्या स्पर्धेत हेच दोन संघ पुन्हा समोरासमोर आले. आता कोतोकोचा कर्णधार होता इब्राहिम संडे आणि गोलरक्षक होता रॉबर्ट मेन्सा. मेन्सा समुद्रकाठच्या केप कोस्ट गावचा. खेळताना तो डोक्यावर कापडी टोपी घालीत असे. जानेवारी १९७१ मध्ये कुमासीतला सामना १-१ असा सुटला. दुसरा सामना परक्या मैदानावर, किन्शासा येथे, सहस्रावधी विरोधी प्रेक्षकांपुढे झाला. कोतोको २-१ असा पुढे असता अखेरच्या घटकेस त्याच्याविरुद्ध पेनल्टी देण्यात आली, असे सांगतात. मेन्साच्या टोपीत काही मंत्रतंत्र असावा, अशी शंका प्रतिस्पर्ध्यांना आली. तेव्हा त्याने टोपी काढून बाजूस टाकली आणि तो निश्चलपणे उभा राहिला. चेंडू गोलखांबांवरून निघून गेला. या कथेत तिखटमीठ किती, हे आता कोण सांगणार? कोतोकोने तो सामना जिंकला आणि तीन वर्षांपूर्वी हुकलेला करंडक कुमासीत आणला, हे मात्र निर्विवाद आहे.

त्यानंतर वर्षही सरले नाही. तेमा या बंदराच्या गावी एका मद्यगृहात क्षुल्लक बाचाबाची झाली आणि फुटक्या बाटलीचा वार मेन्सावर झाला. त्या जखमेने नोव्हेंबर १९७१ मध्ये तो मरण पावला. त्या वर्षी आफ्रिकेतील सर्वोत्तम खेळाडू म्हणून संडेची निवड झाली. दुसऱ्या स्थानी नाव होते ते दिवंगत मेन्साचे.

संडे पुढे जर्मनीत खेळावयास गेला. १९७८ साली आफ्रिकेतील सर्वोत्तम खेळाडूचा मान अब्दुल रझाक याने पुन्हा कोतोकोकडे आणला. मोठ्या करंडकाने मात्र संघाला फार वाट पाहावयास लावली. १९७१, १९७३ आणि १९८२ या तिन्ही वर्षी अंतिम फेरीत पराभव पदरी आला. १९८२ साली हरविणारा कैरोचा अल अहली संघ पुढच्याच वर्षी पुन्हा समोर ठाकला. कैरोत गोल झाला नाही. कुमासीत ओपोकु न्ती याने एकमेव गोल केला आणि तेवढ्यावर करंडक जिंकला गेला. तो दिवस पाहिलेली माणसे त्या एका गोलाचे वर्णन करताना आजही थकत नाहीत.

अक्राचा ‘हार्ट्स ऑफ ओक’ हा संघ १९११ सालचा, आणि कोतोकोचा जुना प्रतिस्पर्धी. ९ मे २००१ रोजी अक्रा येथे या दोन संघांचा सामना चालू होता. शेवटच्या मिनिटांत कोतोको हरू लागला, तसे त्याचे काही पाठीराखे बाटल्या व खुर्च्या फेकू लागले. पोलिसांनी अश्रुधूर सोडला. लोक जीव घेऊन दरवाजांकडे धावले. दरवाजे बंद होते. त्या चेंगराचेंगरीत सव्वाशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. सामना पाहण्यास म्हणून सकाळी घरून निघालेली ती माणसे होती.

घानाचे साखळी विजेतेपद कोतोकोइतके वेळा दुसऱ्या कोणत्याही संघाने मिळविलेले नाही. परंतु हल्ली उत्तम खेळाडू तरुणपणीच युरोपात जातात आणि देशाच्या संघात गावच्या मैदानावर खेळणारी मुले थोडीच दिसतात. २०२२ साली कतार येथील विश्वचषक स्पर्धेसाठी घानाचा संघ निवडला गेला, तेव्हा त्यात कोतोकोचा एकच खेळाडू होता : दानलाद इब्राहिम, विशीच्या उंबरठ्यावरचा गोलरक्षक. मेन्सा जाऊन तेव्हा एकावन्न वर्षे झाली होती. घाना त्या स्पर्धेत तीन सामने खेळला. तिन्ही सामन्यांत गोलात दुसराच गोलरक्षक उभा होता. दानलाद राखीव खेळाडूंच्या बाकावर आपली पाळी येण्याची वाट पाहत बसला होता.