स्वानुभवकथन आणि लघुव्यावसायिक श्रोता



आपल्यापैकी अनेकजण दिवसा दुकान, पिठाची गिरणी, शिवणवर्ग किंवा बचत गटाचे काम सांभाळून रात्री हे पुस्तक उघडतात, याची मला कल्पना आहे. छोटा व्यावसायिक हा श्रोता कसा असतो, हे आपण माझ्यापेक्षा अधिक जाणता. या घटकात एवढेच पाहावयाचे आहे की, अशा श्रोत्यापुढे स्वतःचा अनुभव सांगताना मराठी वाक्यरचना आपल्याला कोठे साथ देते आणि कोठे अडचणीत आणते.

४.१ एक फसलेले व्याख्यान

काही वर्षांपूर्वी तालुक्याच्या गावी भरलेल्या छोट्या व्यापाऱ्यांच्या मेळाव्यात ‘ग्राहकाशी संवाद’ या विषयावर बोलण्यासाठी मला बोलावले होते. समोर किराणा दुकानदार, बेकरीवाले, झेरॉक्सचे दुकान चालविणारे आणि बचत गटांच्या काही अध्यक्षा बसल्या होत्या. ‘आपण सगळे व्यवसायाच्या वाटेवरचे प्रवासी’ अशी मी सुरुवात केली, संज्ञापनाची व्याख्या सांगितली, फळ्यावर आकृती काढली. वीस मिनिटांत मागच्या रांगेत हिशेबाच्या वह्या उघडल्या गेल्या. सभा हातून निसटत आहे हे कळल्यावर मी घरची गोष्ट काढली : “माझ्या वडिलांचेही किराणा दुकान होते. पुढे उधारी वाढत गेली, नुकसान झाले आणि दुकान बंद पडले.”

पुढच्या रांगेतील एका वयस्क दुकानदारांनी मध्येच विचारले, “किती बुडाले, सर?”

आकडा मला पाठ होता. सांगण्याची लाज वाटत होती. “सात हजार चारशे,” मी म्हणालो. “१९८३ साल. उधारीची वही मी लिहीत असे, आठवीत होतो. वडील मला वसुलीला पाठवीत. ओळखीच्या दारात उभे राहून पैसे मागणे मला जमत नसे. मी तळ्याच्या काठावर तासभर बसून परत येई आणि ‘घरी कोणी नव्हते’ असे वडिलांना सांगे.”

क्षणभर कोणी बोलले नाही. मग ते दुकानदार म्हणाले, “मीही बसायचो. एस.टी. स्टँडवर.” सभा हसली, मागच्या वह्या मिटल्या, आणि पुढचा तासभर मी फारसे बोललोच नाही.

४.२ काय बदलले?

विल्यम लबॉव्ह आणि जोशुआ वालेट्स्की या अमेरिकन अभ्यासकांनी १९६७ साली तोंडी सांगितलेल्या स्वानुभवांचे विश्लेषण केले आणि त्यांत पार्श्वभूमी, गुंतागुंत, मूल्यमापन, उकल आणि समारोप असे घटक दाखविले. त्यांपैकी मूल्यमापन म्हणजे ‘हे मी का सांगतो आहे, मला त्यात काय लागले’ हे श्रोत्यास कळविणारा भाग. माझ्या पहिल्या कथनात दुकान होते, उधारी होती, शेवटही होता. मूल्यमापन मात्र नव्हते. तळ्याचा काठ आला तेव्हा ते आले.

परंतु मराठीच्या अभ्यासकाने येथेच थांबू नये. ‘उधारी वाढली’, ‘नुकसान झाले’, ‘दुकान बंद पडले’ ही तीनही वाक्ये पुन्हा वाचा. व्याकरणदृष्ट्या त्यांत कर्ता आहे. करणारा माणूस मात्र कोठेच नाही. ‘काच फुटली’, ‘उशीर झाला’, ‘हिशेब चुकला’ अशी असंख्य वाक्ये आपली भाषा सहज पुरविते. एरवी त्यांत सौजन्य असते. ‘माझ्याकडून चूक झाली’ आणि ‘मी चूक केली’ यांतील अंतर आपण रोज वापरतो, मोजत मात्र नाही.

आता दुकानदाराच्या कानाने ऐका. गल्ल्यावर बसून तो दिवसभर काय ऐकतो? ‘पैसे द्यायचे राहून गेले’, ‘या महिन्यात जमले नाही’, ‘पगार झाला नाही’. ही सारी कर्जदाराची वाक्ये आहेत, आणि मी नेमक्या त्याच रचनेत माझ्या वडिलांची गोष्ट सांगत होतो. ‘किती बुडाले?’ हा प्रश्न उद्धटपणाचा नव्हता. तो त्यांच्या व्यवसायाचा स्वाभाविक प्रश्न होता. ‘मी वही लिहीत असे’, ‘मी खोटे सांगे’ या वाक्यांत प्रथमच कोणीतरी जबाबदारी उचलली.

४.३ ‘आपण’ आणि ‘आम्ही’

इंग्रजीत एकाच सर्वनामाने भागते. मराठीत श्रोत्याला वगळणारे ‘आम्ही’ आणि त्याला सामावून घेणारे ‘आपण’ असे दोन पर्याय आहेत. मी पहिल्याच वाक्यात ‘आपण सगळे’ म्हणालो. दरमहा पगार घेणाऱ्या प्राध्यापकाचे ते ‘आपण’ सभेने स्वीकारले नाही, आणि ते योग्यच झाले. खरे ‘आपण’ त्या गृहस्थांच्या ‘मीही’तून सिद्ध झाले, म्हणजे ते श्रोत्याकडून आले. बचत गटाच्या बैठकीत बोलताना आपण याची परीक्षा अवश्य घ्या.

४.४ आकडा आणि नाव

१९५९ साली गिरगावात सात स्त्रियांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटण्यास आरंभ केला, ही ‘लिज्जत’ची कथा आपण ऐकली असेल. ‘अल्प भांडवलावर’ असे म्हटले असते तर ती इतकी लक्षात राहिली नसती. ८० रुपये म्हटल्यावर ऐकणारी बाई मनातल्या मनात सातांनी भागते आणि स्वतःची पेटी आठवते.

आकडा सांगावा, नाव मात्र जपून. लहान गावात नाव बदलून भागत नाही, कारण घर, गल्ली आणि साल यांवरून माणूस ओळखला जातो. त्या वहीतील नावे मी आजही उच्चारीत नाही. त्यांची नातवंडे त्याच बाजारपेठेत दुकाने चालवितात. दुसऱ्याकडून ऐकलेला अनुभव ‘मी’ लावून सांगणे तर सर्वथा टाळावे. त्यासाठी मराठीत ‘म्हणे’ हा छोटासा शब्द आहे. त्याने कथन थोडे सैल होते, पण खोटे होत नाही.

स्वाध्याय

१. ‘यंदा दिवाळीचा माल अंगावर पडला’ हे वाक्य, माल कोणी, किती आणि कोणत्या अंदाजाने भरला हे स्पष्ट होईल अशा रीतीने तीन वाक्यांत पुन्हा लिहा.

२. आपल्या व्यवसायातील किंवा घरातील तोट्याचा एक प्रसंग सुमारे १५० शब्दांत लिहा. त्यातील करणारा न दाखविणारी वाक्ये अधोरेखित करा. त्यांपैकी कोणती तशीच ठेवावीशी वाटतात आणि का, हे चार ओळींत नमूद करा.

३. तोच प्रसंग एखाद्या दुकानदार परिचितास तोंडी सांगा. त्यांनी विचारलेला पहिला प्रश्न जसाच्या तसा वहीत उतरवून ठेवा.