हप्ता चुकतो तेव्हा काय काय हुकतं

बँकेच्या परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलांना वयोमर्यादा, जागा, नकारात्मक गुण सगळं तोंडपाठ असतं. त्याच जाहिरातीत खाली कुठेतरी आणखी एक अट असते, ती मात्र बहुतेकांनी वाचलेलीच नसते. कर्ज किंवा क्रेडिट कार्डाची देणी ज्याने थकवली आहेत, ज्याचा सिबिल अहवाल (कर्जफेडीच्या नोंदींचा अहवाल) प्रतिकूल आहे, तो उमेदवार नेमणुकीस पात्र नाही, असं स्टेट बँक भरतीच्या जाहिरातीत स्पष्ट लिहिते. इतर सरकारी बँकांची परीक्षा घेणारी आयबीपीएससुद्धा रुजू होताना उमेदवाराची पत चांगली असावी, असं सांगते. २०२५ मध्ये मद्रास उच्च न्यायालयापुढे असंच एक प्रकरण होतं. निवड झालेल्या उमेदवाराची नेमणूक स्टेट बँकेने त्याच्या जुन्या थकबाकीवरून रद्द केली होती. जाहिरात निघाली तेव्हा माझ्याकडे काहीच थकलेलं नव्हतं, असं त्याचं म्हणणं होतं. ते टिकलं नाही, न्यायालयाने बँकेचा निर्णय कायम ठेवला.

बारावीनंतर कुठली शाखा घ्यायची, यावर आपल्या घरांत महिनोन्‌महिने खल होतो. कर्जाचं काम मात्र एका दुपारी उरकतं. बाबा शाखेत जातात, मुलगा सांगितलं तिथे सह्या करतो, फी भरली जाते आणि फाईल कपाटात जाते. ती पुन्हा उघडते ती बहुधा बँकेचं पत्र आल्यावर. म्हणून आधी साधा हिशेब मांडू.

समजा, अभियांत्रिकीच्या चार वर्षांसाठी दरवर्षी पावणेदोन लाख, असं एकूण ७ लाखांचं कर्ज घेतलं. साडेसात लाखांपर्यंत साधारणपणे तारण लागत नाही, म्हणून बरीच कुटुंबं याच आकड्याच्या आत राहतात. व्याज १० टक्के धरू. अभ्यासक्रम आणि त्यानंतरचं एक वर्ष हप्ते नसतात, पण व्याज थांबलेलं नसतं. या काळात ते सरळव्याजाने चढत राहतं आणि पाच वर्षांनी २ लाख ४५ हजार होतं. म्हणजे पहिला हप्ता येतो तेव्हा देणं ७ लाख नसतं, ९ लाख ४५ हजार असतं. दहा वर्षांत फेडायचं तर महिन्याला सुमारे १२,५०० रुपये. साडेतीन लाखांच्या पॅकेजमधून हातात येतात पंचवीस-सव्वीस हजार, आणि हिंजवडीत पीजीचे आठ-दहा हजार जातात. बाकीचं गणित वाचकांनीच करावं.

आता हेच व्याज शिकत असतानाच भरत गेलं तर? पहिल्या वर्षी महिन्याला जेमतेम दीड हजार, शेवटच्या वर्षी सहा हजारांच्या आत. पदवीनंतर कर्ज ७ लाखच राहतं आणि हप्ता ९,२५० वर येतो. दहा वर्षं दरमहा सव्वातीन हजारांचा फरक. अनेक बँका असं व्याज वेळेत भरणाऱ्याला दरात एक टक्का सवलतही देतात, पण ती आपणहून विचारावी लागते. ज्या घरांना महिना दोन-तीन हजार बाजूला काढणं शक्य आहे, त्यांनी मुलाच्या नावाने नवी विमा पॉलिसी काढण्याऐवजी जमेल तेवढं हे व्याज भरावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

कर्ज मुळातच कमी घेता आलं तर उत्तम. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीत आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांचा शिक्षण शुल्काचा निम्मा भार उचलला जातो आणि २०२४-२५ पासून पात्र मुलींसाठी तो पूर्ण उचलला जातो. पण त्यासाठी प्रवेश कॅप फेरीतून, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून, झालेला असावा लागतो. ‘नावाजलेलं’ कॉलेज हवं म्हणून कॅपमधली जागा सोडून व्यवस्थापन कोट्यात जाणारे पालक त्या एका निर्णयात शिष्यवृत्ती गमावतात आणि कर्ज वाढवतात, दोन्ही एकदमच. केंद्राच्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत, निवडक संस्थांमध्ये शिकणाऱ्या आणि उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेल्या विद्यार्थ्यांना १० लाखांपर्यंतच्या कर्जावर, हप्ते नसलेल्या काळात, व्याजात तीन टक्के सूट मिळू शकते. त्यात शिष्यवृत्ती किंवा दुसरी व्याजसवलत घेणाऱ्यांना वेगळे नियम आहेत, ते शाखेत नीट विचारून घ्या.

खरी गाठ पुढे पडते. पदवी झाली, कॅम्पसमधून जी नोकरी मिळाली ती आवडली नाही किंवा मिळालीच नाही, आणि मुलाने एमपीएससी करायचं ठरवलं. सदाशिव पेठेत किंवा नवी पेठेत कॉट घेतली, मेस लावली, अभ्यासिकेत जागा धरली. वर्ष सरतं आणि बँकेच्या हप्त्यांची सूट संपते. पूर्व परीक्षा, मुख्य, मुलाखत, निकाल, मग नेमणूक, या साखळीला एका वर्षात बसवणं कुणाच्याच हातात नाही. हप्त्याची तारीख मात्र ठरलेली. गावाकडच्या शाखेतून पत्र गावच्या पत्त्यावर जातं. आई-वडील मुलाला सांगत नाहीत, का तर अभ्यासात विघ्न नको. मुलगा विचारत नाही, कारण विचारलं तर उत्तर द्यावं लागेल. तीन महिने असे गेले, म्हणजे ९० दिवस उलटले, की बँकेच्या वहीत ते खातं बुडीताच्या वाटेवरचं ठरतं. तोच मुलगा मग एमपीएससीचा ‘प्लॅन बी’ म्हणून बँकेचा अर्ज भरतो.

स्पर्धा परीक्षा देऊ नका, असं मी म्हणणार नाही. सूट संपल्यावर हप्ता कोण भरणार, किती महिने भरणार, हे घरात बोलून ठरल्याशिवाय पुण्यात खोली घेऊ नका, एवढंच म्हणतो. बाबा भरणार असतील तर तसं उघड ठरू द्या. अर्धवेळ काम करून निम्मा हप्ता स्वतः काढणारी मुलं अभ्यासिकांमध्ये पुष्कळ आहेत, त्यात कमीपणा काही नाही. आणि दोन्ही जमत नसेल, तर हप्ता चुकण्याच्या आधी शाखेत लेखी अर्ज द्या. बँकांच्या संघटनेने, आयबीएने, केलेल्या नमुना योजनेत बेरोजगारीच्या काळात हप्ते पुढे ढकलण्याची सोय सुचवलेली आहे. मुदत वाढवून हप्ता लहान करून घेता येतो. वरच्याच उदाहरणात पंधरा वर्षं केली तर हप्ता १०,१५० च्या आसपास येतो. एकूण व्याज वाढतं, हे खरं, पण पुढे पगार वाढला की जास्तीचे पैसे भरून मुदत आटोपता येते. व्यक्तींना दिलेल्या बदलत्या व्याजदराच्या मुदत कर्जावर बँका मुदतपूर्व फेडीचा दंड लावू शकत नाहीत, रिझर्व्ह बँकेचा २०१४ पासूनचा तसा नियम आहे. हा अर्ज हप्ते थकल्यावर दिला तर मॅनेजर तोच असतो, पण त्याचे हात बांधलेले असतात.

शैक्षणिक कर्जाची भीती वाटणारी मुलं क्रेडिट कार्डाला अजिबात भीत नाहीत, याचं मला राहून राहून नवल वाटतं. पहिला पगार झाला की कार्डवाले मागे लागतात. कार्ड घेण्यात गैर काहीच नाही, पूर्ण बिल वेळेवर भरणाऱ्याला ते फुकट पडतं. घोळ ‘किमान देय’ या रकान्यात आहे. समजा ५० हजार थकले आणि व्याज महिना साडेतीन टक्के आहे. व्याज १,७५० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी ३१५, झाले २,०६५. किमान देय पाच टक्के धरलं तर २,५००. म्हणजे अडीच हजार भरूनही मूळ कर्ज फक्त ४३५ रुपयांनी उतरलं. शिवाय बिल पूर्ण फेडलं नाही, तर नव्या खरेदीला मिळणारी बिनव्याजी मुदतही जाते. त्या महिन्यातल्या किराण्यावरही पहिल्या दिवसापासून व्याज.

म्हणून चार-पाच ठिकाणची देणी असतील तर सर्वांचे किमान हप्ते चालू ठेवून हातात उरलेला प्रत्येक रुपया सर्वांत महाग कर्जावर घाला. बहुधा क्रम असा लागतो: ॲपवरचं कर्ज, कार्ड, पर्सनल लोन, गाडी आणि शेवटी शैक्षणिक कर्ज. कुठलं कर्ज ‘मोठं’ दिसतं, त्याला महत्त्व नाही. कार्डाचे पन्नास हजार फेडायला वडिलांच्या मुदत ठेवीवर कर्ज काढणं किंवा पगारदारांच्या पतसंस्थेतून कमी दराने घेणं शहाणपणाचं ठरू शकतं, पण कार्ड त्याच दिवशी बंद केलं तरच. नाहीतर वर्षभरात दोन्ही कर्जं उभी राहतात.

एक जुना सल्ला अजून फिरतो: कर वाचतो, म्हणून शैक्षणिक कर्ज लवकर फेडू नका. आयकरात या कर्जाच्या व्याजाची वजावट आठ वर्षं मिळते हे खरं, पण फक्त जुन्या करप्रणालीत. नव्या प्रणालीत ती नाही, आणि २०२५-२६ पासून तिथे बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर करच लागत नाही. नुकत्याच नोकरीला लागलेल्या मुलासाठी या सल्ल्यात आता काही उरलेलं नाही.

मित्राच्या मोबाईलचे हप्ते आपल्या नावावर काढून देणं, किंवा रूममेटला जामीन राहणं, हा आणखी एक खड्डा. मैत्री टिकते की नाही, ते नशीब. नोंद मात्र तुमच्याच अहवालात होते.

पालकांसाठी दोन गोष्टी. शैक्षणिक कर्जात तुम्ही सहकर्जदार असता, त्यामुळे मुलाचा चुकलेला हप्ता तुमच्याही अहवालात उमटतो आणि धाकट्या मुलीच्या शिक्षणासाठी कर्ज मागायला गेलात की समोर येतो. दुसरं, मुलाने कार्डाचा घोळ सांगितला तर त्याच संध्याकाळी दागिने मोडून सगळं मिटवू नका आणि चारचौघांत त्याचा पाणउताराही करू नका. आधी त्याच्याकडून सगळ्या देण्यांचा एक कागद लिहून घ्या. मुलं पहिल्यांदा निम्मंच सांगतात. खरा आकडा अहवालात मिळेल: सिबिल, एक्स्पिरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या पतनोंदी ठेवणाऱ्या चारही कंपन्यांना वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट द्यावा लागतो.

ॲपवाले धमकावत असतील तर घाबरून दुसऱ्या ॲपवरून पैसे काढून देऊ नका. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार कर्ज देणाऱ्या ॲपला तुमचे संपर्क, फोटो, कॉलची यादी उघडता येत नाही आणि वसुलीचे फोन सकाळी आठच्या आधी व संध्याकाळी सातनंतर करता येत नाहीत. मॉर्फ केलेले फोटो नातेवाइकांना पाठवण्याची भाषा झाली तर ती वसुली नाही, गुन्हा आहे. १९३० या क्रमांकावर आणि पोलीस ठाण्यात तक्रार करा, स्क्रीनशॉट जपून ठेवा. बँक किंवा नोंदणीकृत वित्तसंस्था असेल तर आधी तिच्याकडे लेखी तक्रार, तीस दिवसांत समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल. तिथे शुल्क लागत नाही.

थकलेल्या खात्यावर बँक कधीकधी ‘इतके भरा, बाकी सोडतो’ म्हणते. अगदीच इलाज नसेल तर घ्या, पण अहवालात ‘सेटल्ड’ असा शेरा बसतो आणि बँकेच्या नोकरीची तयारी करणाऱ्याला तो महाग पडू शकतो. मुदत मागून का होईना, पूर्ण रक्कम भरता येत असेल तर तीच भरा. शेवटचा हप्ता गेला की शाखेतून ना-देय दाखला आणि तारण ठेवलेले कागद परत घ्या. महिन्याभराने अहवाल पुन्हा काढा आणि खातं ‘बंद’ दिसतंय का, ते बघा. दिसत नसेल तर दाखला जोडून अहवाल देणाऱ्या कंपनीकडे दुरुस्तीचा अर्ज टाका. भरतीची जाहिरात येईपर्यंत थांबू नका, कारण दुरुस्तीलाही आठवडे लागतात.