क्रोशाचे एक पान : आधी विणा, मग भाव ठरवा

क्रोशाचे विणकाम म्हणजे बायकांचा फावल्या वेळचा उद्योग, अशी आपल्या बाजारात सर्वसाधारण समजूत आहे. या समजुतीवरच मजुरीचे दर ठरतात. दुपट्ट्याच्या पदराला क्रोशाची पाने लावून देण्याचे काम मी अनेक वर्षे मोहल्ल्यातील स्त्रियांना देत आलो. दर पानामागे ठरलेला होता, आणि तो मीच ठरवला होता. एकदा दर वाढवून मागणाऱ्या एका वयस्कर खालांशी मी हुज्जत घातली. त्यांनी हातातील सुई माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाल्या, "भाईसाब, एक पत्ता खुद बनाके देखो, फिर दाम बोलो."

ते पहिले पान विणायला मला पाऊण तास लागला, आणि तेही वाटीसारखे वळलेले निघाले! त्या दिवसापासून माझा हिशेब बदलला. ज्या मालाचा आपण व्यापार करतो, तो एकदा तरी स्वतःच्या हाताने करून पाहावा, हे सांगण्यासाठीच हा लेख. नवीन शिकणाऱ्या मुलामुलींनाही या पानापासून सुरुवात करता येईल.

हे हुनर आले कुठून?

पाने-फुले सुटी विणून नंतर जोडण्याची पद्धत आयर्लंडमध्ये विशेष भरभराटीला आली. १८४५ पासून तेथे बटाट्याचे पीक रोगाने बुडाले व भीषण दुष्काळ पडला. त्या काळात क्रोशाच्या जाळीवर अनेक कुटुंबांची चूल पेटली. कामाची वाटणीही झाली. कोणी फक्त गुलाब विणी, कोणी फक्त पाने, तर कोणी ते सर्व जाळीत जोडून देई. तुर्कस्तानात स्त्रियांच्या डोक्यावरील रुमालाच्या कडेला फुलापानांची बारीक झालर लावतात. तिला 'ओया' म्हणतात. तिचा एक प्रकार क्रोशाच्या सुईनेच होतो. आपल्याकडे क्रोशाची टोपी घराघरांत आहे. सोनेरी कडेची बोहरा टोपी तर सर्वांच्या परिचयाची आहे.

व्यापाऱ्याने आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. खरा क्रोशा यंत्रावर होत नाही. बाजारात 'क्रोशा लेस' म्हणून जो यंत्राचा माल मिळतो, ती दुसऱ्या पद्धतीच्या विणीने केलेली नक्कल असते. म्हणजे खऱ्या क्रोशाचा प्रत्येक टाका कोणाच्या तरी बोटांतून गेलेला असतो.

साहित्य

नवशिक्याने २.५ ते ३ मिलिमीटर जाडीची सुई आणि जाड सुती दोरा घ्यावा. रंग फिका असावा, म्हणजे टाके मोजता येतात. क्रोशाच्या दोऱ्यावर २०, ४० असे क्रमांक असतात. कापडवाल्यांना सुताचा काउंट ठाऊक आहेच. तसेच येथेही क्रमांक वाढला की दोरा बारीक होतो. हात बसल्यावर बारीक दोरा व बारीक पोलादी सुई घ्यावी. याशिवाय कात्री, टाचण्या व दोऱ्याचे टोक लपवण्यासाठी बोथट टोकाची शिवणसुई लागते.

पाच टाके

साखळी : सुईवर सरकगाठ घ्या. दोरा सुईवर घेऊन तो गाठीच्या फासातून ओढा. ही एक साखळी झाली.

सरकता टाका : सुई टाक्यात घाला, दोरा घ्या आणि टाका व सुईवरील फास या दोन्हींतून एकदम ओढा.

मुका खांब : सुई टाक्यात घालून दोरा ओढा. सुईवर दोन फास होतील. पुन्हा दोरा घेऊन दोन्हींतून काढा.

अर्धा खांब : आधी सुईवर दोऱ्याचा एक वेढा घ्या, मग सुई टाक्यात घालून दोरा ओढा. तीन फास होतील. दोरा घेऊन तिन्हींतून एकदम काढा.

खांब : अर्ध्या खांबासारखेच तीन फास करा. मात्र आधी दोन फासांतून काढा, पुन्हा दोरा घ्या आणि उरलेल्या दोन फासांतून काढा.

यांत मुका खांब सर्वांत बुटका, अर्धा खांब मध्यम आणि खांब उंच. पानाचे सारे रहस्य या उंचीतच आहे. टोकांना बुटके टाके आणि मध्ये उंच टाके घातले की पानाचा आकार आपोआप येतो.

पान कसे विणावे?

१. ११ साखळ्या विणा. सुईवर असलेला फास मोजू नका. साखळी सैल असू द्या. हीच पानाची मधली शीर आहे.

२. सुईजवळची पहिली साखळी सोडा. दुसरीपासून पुढे प्रत्येक साखळीत एकेक टाका असा क्रमाने घाला : १ मुका खांब, १ अर्धा खांब, ५ खांब, १ अर्धा खांब, २ मुके खांब. एकूण १० टाके होऊन तुम्ही शेवटच्या साखळीवर पोहोचता.

३. आता २ साखळ्या विणा व त्याच शेवटच्या साखळीत आणखी १ मुका खांब घाला. हे पानाचे टोक झाले.

४. काम उलटू नका, फक्त फिरवा, म्हणजे साखळीची खालची बाजू वर येईल. तेथे सुटलेल्या दोऱ्यांत उलट क्रमाने टाके घाला : १ मुका खांब, १ अर्धा खांब, ५ खांब, १ अर्धा खांब, १ मुका खांब. टोकाचा मुका खांब धरून या बाजूलाही १० टाके झाले पाहिजेत.

५. सुरुवातीच्या मुक्या खांबात सरकता टाका घालून पान बंद करा.

६. देठासाठी ७ साखळ्या विणा. सुईजवळची एक सोडून उरलेल्या सहांत सरकते टाके घालत परत या. पानाच्या बुडाशी एक सरकता टाका घ्या. दोरा सुमारे १५ सेंटिमीटर ठेवून कापा, फासातून ओढून घ्या आणि टोक टाक्यांमध्ये आत-बाहेर फिरवून लपवा.

चुका व इलाज

पान वाटीसारखे वळले, तर पहिली साखळी घट्ट झाली आहे. माझी चूक हीच होती. साखळीपुरती थोडी जाड सुई वापरावी. पान एका बाजूला झुकले, तर दोन्ही बाजूंचे टाके मोजावेत. बहुधा एक टाका सुटलेला असतो. टोक बोथट आले, तर मधल्या दोन साखळ्या राहिल्या असतील. विणून झाल्यावर पान ओलसर करून टाचण्यांनी सपाट ताणावे व वाळू द्यावे. सुती पानाला हलकी कांजी दिली तर आकार टिकतो.

दोरा विकत घेतानाच त्याचा तुकडा ओला करून पांढऱ्या कापडावर दाबून पाहावा. गडद हिरव्या दोऱ्याचा रंग सुटला, तर एका धुण्यात पांढरा दुपट्टा वाया जातो, आणि दोष मात्र विणणारीच्या माथी मारला जातो.

आता हिशेब

समजा, दुपट्ट्याच्या दोन्ही पदरांना दर तीन सेंटिमीटरला एक याप्रमाणे तीस-तीस, म्हणजे ६० पाने लावायची आहेत. सरावलेल्या हाताला एका पानाला ८ मिनिटे धरली, तर नुसत्या पानांना ४८० मिनिटे, म्हणजे ८ तास लागतात. जोडणीचे २ तास धरून एकूण १० तास झाले. पानामागे ३ रुपये दिले तर हातात १८० रुपये पडतात, म्हणजे तासाला १८ रुपये. एवढ्यावर आपण आपल्या दुकानातील नोकर तरी ठेवू शकू का?

आता उलट बाजूने मोजा. ८ तासांचा रोज ४०० रुपये मानला तर तासाला ५० रुपये झाले. ८ मिनिटांच्या पानाचे सुमारे ७ रुपये होतात. ६० पानांचे ४२० आणि जोडणीचे १०० मिळून ५२० रुपये. दोरा व्यापाऱ्याचा. हे आकडे उदाहरणादाखल आहेत. प्रत्येकाने आपल्या गावचा रोज घालावा, पण हिशेब वेळेपासून सुरू करावा. असा दुपट्टा महाग पडेल, हे खरे. मग तो यंत्राच्या लेसच्या शेजारी ठेवून विकू नये. हातकाम म्हणून वेगळा ठेवावा व गिऱ्हाइकाला फरक दाखवावा.

आंध्र प्रदेशातील नरसापूर हे क्रोशा लेसचे मोठे केंद्र आहे. तेथील लेसला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. याच नरसापूरच्या स्त्रियांवर मारिया मीस या जर्मन अभ्यासक महिलेने १९८२ मध्ये पुस्तक लिहिले. माल परदेशात जात होता, दलाल व निर्यातदार कमावत होते, पण दिवसभर राबणाऱ्या बाईला मात्र 'रिकाम्या वेळी विणणारी गृहिणी' समजून नाममात्र मजुरी दिली जात होती, असे तिने दाखवून दिले. आपल्या मोहल्ल्यांची गोष्ट याहून वेगळी आहे काय?

मापात मारणाऱ्यांविषयी कुरआनात एक स्वतंत्र सूरह आहे. गज आणि तराजू यांच्या बाबतीत आपण ती आठवतो. पण कोणाच्या तासांचे माप कमी धरणे हीसुद्धा मापातील चोरीच आहे. मजुरी देण्यात दिरंगाई करू नये, ही प्रेषितांची (स.) ताकीदही आपण सर्वजण जाणतो.

म्हणून व्यापारी बांधवांना विनंती आहे की, नमुन्याचे एक पान दोघांनी मिळून पसंत करावे, वेळ घड्याळ लावून मोजावी, दर कागदावर लिहावा आणि माल हाती येताच पैसे चुकते करावेत. कारागीर भगिनींनीही रोज किती पाने झाली व किती वेळ लागला, हे वहीत लिहून ठेवावे. ज्याच्याजवळ हिशेब आहे, त्याला भाव मागताना लाजावे लागत नाही.

माझे ते पहिले वाकडे पान मी गल्ल्यात ठेवले आहे. दर ठरवताना ते समोर काढून ठेवतो. अल्लाह आपणा सर्वांच्या हलाल रोजीत बरकत देवो. आमीन.