श्रोणितलाचे स्नायू आणि हस्तोपचार

मान अवघडली किंवा पाठ धरली, तर मनुष्य ते चारचौघांत सांगतो. ओटीपोटाच्या तळाशी, जांघेत अथवा माकडहाडापाशी महिनोन्‌महिने दुखत असले, तर मात्र स्त्री असो वा पुरुष, संकोचाने गप्प राहतो. धीर करून वैद्याकडे गेल्यावर मूत्राची व रक्ताची तपासणी होते, छायाचित्रे घेतली जातात आणि पुष्कळदा त्यांत दोष आढळत नाही. मग "हे मनाचे खेळ आहेत" असे ऐकून रोगी निराश होतो. वस्तुतः अशा अनेकांच्या वेदनेत स्नायूंचा मोठा वाटा असतो. आखडलेला स्नायू क्ष-किरणांच्या चित्रात उमटत नाही. जाणकार हाताला मात्र तो कळतो.

श्रोणितलाची रचना

दोन नितंबास्थी, त्यांच्यामध्ये मागील बाजूस त्रिकास्थी आणि तिच्या टोकाशी माकडहाड मिळून श्रोणी नावाचे हाडांचे कडे बनते. हे कडे खालून उघडे असते. पुढे जघनास्थीपासून मागे माकडहाडापर्यंत झोळी बांधावी तसे स्नायूंचे थर ती उघडी बाजू झाकतात. यालाच श्रोणितल म्हणतात. मूत्राशय, गुदाशय आणि स्त्रियांच्या बाबतीत गर्भाशय यांना या झोळीचा आधार असतो. देहधर्माच्या वेळी तिने सैल पडावे आणि एरवी दार सांभाळावे, अशी दुहेरी कामगिरी तिच्याकडे असते. श्वास घेताना श्वासपटल खाली येते, तसे श्रोणितलही किंचित खाली जाते आणि श्वास सोडताना वर येते.

न सुटणारी मूठ

वाचकांनी एक लहानसा प्रयोग करून पाहावा. मूठ घट्ट आवळून दोन मिनिटे तशीच धरावी. हात ठणकू लागतो. मूठ सोडल्यावरही बोटे काही क्षण अवघडलेली राहतात. प्रसूतीतील इजा, शस्त्रक्रिया, मूत्रमार्गाचा वारंवार होणारा संसर्ग, जुना मलावरोध किंवा दीर्घकाळची भीती यांमुळे श्रोणितलाचे स्नायू असेच आवळलेले राहू शकतात. दुखते म्हणून शरीर स्नायू आवळते आणि आवळल्यामुळे आणखी दुखते. असे हे दुष्टचक्र आहे. पुढे मज्जातंतूही अधिक संवेदनशील होतात व साधा स्पर्शही बोचू लागतो. बसल्याने ही वेदना अनेकदा वाढते. म्हणून बेंगळुरूच्या कपडे शिवणाऱ्या कारखान्यांत अथवा संगणकाच्या कचेऱ्यांत तासन्‌तास एका जागी बसणाऱ्यांना ती विशेष जाचक ठरते.

हात काय करतो?

भौतिकोपचारतज्ज्ञ प्रथम रोग्याची हकीकत ऐकून घेतात. त्याची बैठक, श्वसन, पोट, पाठ व खुबे तपासतात. त्यानंतर आवश्यक वाटल्यास, आणि रोग्याने संमती दिली तरच, हातमोजा घालून योनिमार्गातून किंवा गुदमार्गातून बोटाने स्नायू तपासतात. दुखरा, ताठ पट्टा सापडला की त्यावर बेताचा दाब देऊन तो सैल होण्याची वाट पाहतात, त्यास हलकेच ताणतात. त्याचबरोबर दीर्घ श्वसनाने तो स्नायू स्वतः सैल सोडण्यास रोग्याला शिकवतात. ही शिकवण उपचाराचा गाभा होय. तपासणी कोणत्याही क्षणी थांबवण्याचा आणि सोबतीला आपले माणूस ठेवण्याचा रोग्याला अधिकार आहे.

या उपचाराची पारख झाली आहे. मूत्राशयाच्या जुनाट वेदनेने त्रस्त आणि श्रोणितल दुखरे असलेल्या ८१ स्त्रियांवर केलेला एक प्रयोग २०१२ साली प्रसिद्ध झाला. काहींना सर्वांगाचे मर्दन, तर काहींना श्रोणितलाचा हस्तोपचार देण्यात आला. मर्दनाने शेकडा २६ स्त्रियांना, तर हस्तोपचाराने शेकडा ५९ स्त्रियांना मध्यम किंवा पुष्कळ आराम पडला. सर्वांनाच गुण आला नाही, हेही ध्यानात ठेवावे.

एक महत्त्वाचा इशारा

अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञ आर्नोल्ड केगेल यांनी १९४८ साली श्रोणितल बळकट करणारा आकुंचनाचा व्यायाम मांडला. प्रसूतीनंतर स्नायू दुर्बळ होऊन ज्यांना मूत्र आवरत नाही, त्यांना तो उपकारक आहे. परंतु ज्यांचे स्नायू आधीच आवळलेले आहेत, त्यांची वेदना या व्यायामाने वाढू शकते. आवळलेल्या मुठीला आणखी आवळण्याचा सराव देऊन काय साधणार? यास्तव स्नायू दुर्बळ आहे की ताठ, हे तपासल्यावाचून ऐकीव व्यायाम करू नये.

ताप, मूत्रातून वा शौचातून रक्त जाणे, अकारण वजन घटणे, गर्भारपणातील पोटदुखी, अकस्मात उठलेली तीव्र कळ, किंवा बैठकीच्या जागेची बधिरता व मूत्रावरील ताबा सुटणे, यांपैकी काहीही असल्यास विलंब न लावता प्रथम डॉक्टरांकडे जावे.

भौतिकोपचाराचे शिक्षण आपल्या देशात नवे नाही. १९५२-५३च्या सुमारास मुंबईच्या केईएम रुग्णालयात त्याची शाळा निघाली. बेंगळुरूत १९९६ साली स्थापन झालेल्या राजीव गांधी आरोग्यविज्ञान विद्यापीठाशी या विषयाची अनेक महाविद्यालये संलग्न आहेत. मात्र श्रोणितलाच्या उपचारासाठी वेगळे प्रशिक्षण लागते. ते घेतले आहे काय, असे तज्ज्ञास निःसंकोच विचारावे. दुखणे कोठे आहे हे रोग्याने स्पष्ट सांगितले, तरच तपासणारा हात योग्य जागी पोहोचेल.