म्हशाच्या जत्रेला निघताना

बाळा, म्हशाला जायचं तर कल्याणला उलटा फेरा घालू नकोस. टिटवाळ्याहून सरळ गोवेली गाठ, तिथे कल्याण-मुरबाड रस्ता लागतो. मुरबाडपुढे म्हसा. खांबलिंगेश्वराची जत्रा पौष पौर्णिमेला सुरू होते आणि बाजार पुढेही बरेच दिवस चालतो. पौर्णिमेला दर्शन घे. घोंगडी, अवजारं गर्दी ओसरल्यावर निवांत पाहा. रात्र काढायची असेल तर पांघरूण घरूनच ने.

बैल घेताना भाव शेवटी विचारायचा. आधी अंगावरची झूल काढायला लाव, शिंगांच्या रंगाला भुलू नकोस. मग म्हण, "जरा चालवून दाखवा." कडक जमिनीवर लंगडा पाय लपत नाही. बसलेला बैल उठताना कसा उठतो, तेही बघ. नाक ओलसर हवं, पण गळतं नको.

मग दात. वरच्या जबड्याला पुढे दात दिसले नाहीत म्हणून दचकू नकोस, गुराला ते नसतातच. खालचे बघ. दुधाचे पडून कायमचे दोन आले की दोन दाती, म्हणजे साधारण अडीच वर्षांचा. मग चार दाती, सहा दाती. आठही आले की जुळला, वय पाचच्या आसपास.

दलाल रुमालाखाली बोटं धरून भाव करतात. बोटांची खूण कळत नसेल तर हात आत घालायचा नाही, आकडा तोंडानं बोलायचा. इसार दिला की शब्द दिला, म्हणून मन पक्कं झाल्याशिवाय खिशात हात घालू नकोस. पावती मागायला लाजू नकोस.

घोंगडी मऊ लागली की शंका घे. अस्सल लोकर थोडी टोचतेच. एक सुटा धागा मागून घे, दुकानापासून दूर नेऊन जाळ. केस जळल्यासारखा वास आला, राख बोटांत चुरली, तर लोकर. वितळून कडक गोळी झाली, तर पुढचं दुकान. कोयत्या-विळ्याची मूठ हलवून बघ. आत्ता डुगडुगते ती शेतात निसटणारच.

आणि बैल घेतलासच, तर जुन्या मालकाला विचार, त्याला काय नावानं हाक मारता, चारा कोणता घालता. महिनाभर तीच हाक आणि तोच चारा ठेव. नवा गोठा त्याला लवकर मानवेल.